माप

माझी दोन मशिनं. एक पायाखाली, एक उजव्या कानात.
पायाखालचं बरं चाललंय का, ते तळव्याला कळतं.
कानातलं धनकवडीचा सगळा रस्ता आत घेतं,
रिक्षा, पंखा, कुकर,
आणि माणसाला दारात उभं ठेवतं.

ओठांवर माप, बाप आणि पाप
अगदी सारखे दिसतात. आरशात करून बघा.
सोनटक्केबाई म्हणाल्या, "बाप नीट घ्या हं,"
मी म्हटलं, "आता या वयात कुठून घेऊ?"
टेप गळ्यात तसाच, दोघी हसत बसलो.

बाकीचे ओरडतात.
ओरडलं की शब्द फाटतो,
नुसते दात दिसतात.
अहो, मोठ्याने नको, समोरून बोला.
दार पाठीशी घेऊ नका, चेहरा काळा पडतो.
आणि तेच तेच पुन्हा नको, दुसऱ्या बोळातून या:
"गुरुवारी" नाही कळलं, तर म्हणा
"लाइट जातात त्या दिवशी."

एक मात्र कुणाच्याही तोंडावर वाचता येतं मला,
मिशीतून, पानाच्या तोबऱ्यातूनसुद्धा:
"काही नाही, जाऊ दे."
फार गेलं त्यातून.
नणंदेच्या घरचं एक अख्खं लग्न गेलं.

परवा स्कूटीवरून एक मुलगी आली,
स्कार्फ, गॉगल, माणूस कुठेच नाही.
कापड पुढे केलं. स्कार्फ आतून हलला.
म्हटलं, मला कमी ऐकू येतं.
पूर्वी नसते म्हणाले. मान डोलावली असती
आणि बाहीचं वाटोळं केलं असतं.
तिने गाठ सोडली. एक वेढा, दुसरा वेढा,
घामेजलेलं नाक, हनुवटीवर पुटकुळी,
आणि बोलली, तुकडे न करता, साधंच:
"बाही कोपरापर्यंत. आणि खिसा जमेल का?"
ब्लाउजला खिसा! मी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा तोच खिसा निघाला.

गुरुवारी रात्र झाली तरी लाइट नव्हते.
अंधारात आमच्या घरचं बोलणं मिटतं.
यांनी मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरला,
भुतासारखा, आणि काहीतरी म्हणाले.
"माठ की पाठ?" मी विचारलं.
"जाऊ" साठी ओठ पुढे आले, मी पाहिले ते.
तिथेच थांबले.
मग टॉर्च माझ्या हातात दिला
आणि पाठ फिरवली,
इथे, म्हणून बोट लावायला.