खवला

घोन्सालवीस सरांचा क्लास दादरला,
परकराच्या नाड्या विकणाऱ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर.
सहा जणांत चार कॉम्प्युटर, म्हणून पहिला महिना
मी परागच्या खांद्यावरूनच शिकले.

सर पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे,
नवरदेवांच्या देवीचे व्रण बुजवायचे
एकेका ठिपक्यानं.
आता म्हणतात, खोडू नका, झाका.
काळ्यानं झाकलं, पांढऱ्यानं उघडलं,
मागचं मागे शाबूत. याला मास्क म्हणतात.
मला लगेच कळलं.
आमच्या खोलीत पडद्याच्या पलीकडे
दादा-वहिनीचा अख्खा संसार आहे.

केस सगळ्यात अवघड.
डोकं कुणीही कापतं, सर म्हणाले,
बटा सोडवता आल्या की या.
उसन्या लॅपटॉपवर तीन रात्री
मी आईच्या बटा सोडवत बसले, चारशे टक्के मोठ्या करून.
तिनं माझ्या उवा काढल्या असतील
तेवढ्या जवळून मी तिला कधी पाहिलंच नव्हतं.
कानामागे भाजल्याचा एक जुना डाग निघाला.
विचारलं नाही.

शेवटचा प्रोजेक्ट:
जे एका जागी येऊ शकत नाही, ते आणा.
परागनं राणीच्या बागेतला पाणघोडा
बीकेसीच्या काचा पुसायला लावला.
मी आईला काश्मीरला न्यायचं ठरवलं.

बर्फ फॅक्टरीवाला दर दिवाळीला कॅलेंडर देतो,
बाराही महिने काश्मीर.
आई ससून डॉकला कोळंबी सोलते,
चार वाजल्यापासून, बर्फातल्या कोळंबीच्या ढिगापाशी.
एकदा बगाया पायजे, असं ती फक्त जानेवारीत म्हणते.
फेब्रुवारीपासून त्याच डोंगरांवर
दुधाचा हिशेब.

नेटवरून डोंगर उतरवले, देवदार, एक घोडेवाला.
मधे आई.
सर म्हणाले, चिकटवलीय.
तिच्यावर ट्यूबलाइट आहे, वरून, हिरवट.
बर्फ खालून उजळतो, हनुवटीखाली बघ.
सावली दिली. निळसर केली. मल्टिप्लाय, चाळीस टक्के.
तरी ती बसस्टॉपवर उभी असल्यासारखी.
उजेड उसना आणता येत नाही, म्हणाले,
आणि चहा मागवला.

मग एका पहाटे मी तिच्यामागून डॉकला गेले.
लाद्या क्रशरमध्ये जात होत्या,
दुसऱ्या तोंडानं पांढरं काहीतरी कोसळत होतं.
ओल्या फरशीला मोबाइल टेकवून
पालथी पडले.
ए बाय, हातगाडी येतेय! कुणीतरी ओरडलं.
तेवढ्यात आईनं मान वळवली
आणि तिच्या हनुवटीखाली तो उजेड होता.

वीतभर ढिगाचा हिमालय केला.
धुक्यासाठी काळ्या कापडापुढे चहा धरून
वाफेचा फोटो काढला, स्क्रीन मोडवर पसरला.
साडीवरचं पाणी राहू दिलं.
अगदी शेवटी तिचे हात नितळ केले, गोरे,
सहलीला आलेल्या बाईचे असतात तसे.

आईनं चष्मा लावला.
बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, ह्यो बरफ आपल्या धक्क्यावरचा.
कशावरून?
तिनं दुसऱ्या शिखराखाली बोट ठेवलं.
रावसाचा खवला. नखाएवढा, चमकत.
एवढ्या रात्री जागून मला दिसला नव्हता.

मी क्लोनचा ब्रश घेतला.
ऱ्हावं दे त्याला, म्हणाली.
पन ही बोटं कुनाची?
आणि आपला पंजा तिनं पडद्याशेजारी धरला,
सुरकुतलेला, कोळंबीच्या काट्यांनी टोचलेला,
थंडीनं तांबडा.

मी कंट्रोल झेड दाबत
एकेक पाऊल मागे गेले,
तिची बोटं पुन्हा लाल होईपर्यंत.