चौथ्या पाटावर

व्हॅलिन, प्रोलिन, ग्लायसिन,
चौथ्या पाटावर कुणी पाहुणा,
मग पुन्हा ग्लायसिन.
अशा शंभरेक पंगती जोडल्या
की एक रेणू.

फतेगंजच्या प्रयोगशाळेत
नळी बर्फात असते तोवर पाणी नितळ,
पलीकडून कनुभाईंचा अंगठा दिसतो.
उबेला आणली की दुधाळ.
वहीत लिहिते: छत्तीस पूर्णांक आठ.
फार लवकर.
गाठ जराशी तापवायची,
औषध घेऊन हिंडणाऱ्याने तिथेच साकळायचं,
हा तर वाटेतच बसेल.

दांडिया बाजारात कृष्णाआत्या
कढी ढवळत ऐकत होती.
तिसऱ्या केमोनंतर तिला पाणीही
लोखंडासारखं लागायचं,
तरी मीठ हाताच्या अंदाजाने.
जन्मात तिची कढी फुटली नाही.

"म्हणजे तुझी फुटायलाच हवी,
पण नेमक्या घरात."
हो. पण तुझ्यासाठी नाही गं आत्या,
अजून उंदरांपाशीच आहोत.
"ते कळलं. चौथ्या पाटावर कोण बसवलंस?"
व्हॅलिनच.
"घरचाच की. तो कसला पाहुणा?
बदलून बघ.
पंगत कधी उठणार
ते पाहुण्यावर असतं."

महिनाभराने अ‍ॅलॅनिन बसवून पाहिला.
चव्वेचाळीस.
फार उशिरा.
कनुभाईंनी नळ्या धुवायला घेतल्या,
मी पुन्हा पाट मांडले.