आईचा आयडी

बेतूलच्या धक्क्यावर पत्र्याखालचं ऑफिस.
माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली,
बर्फ फोडायच्या मशीनशेजारच्या प्लगावर तो जगतो.
काम एवढंच: साळ नदीच्या मुखाशी
जे जे तरंगतं
ते डेटाबेसमध्ये बसवायचं.

आधी सगळ्यांना एकाच टेबलात कोंबलं.
कॉलम वाढत गेले.
अश्वशक्ती, शीतपेटी, वायरलेस, लाइफ जॅकेटं,
आणि वल्ह्याच्या होडीपुढे
नल, नल, नल, नल,
जणू तिच्याजवळ काहीच नाही.

"नल म्हळ्यार किदें?" बोस्त्यांवनं विचारलं.
शून्य नव्हे, मी म्हटलं.
शून्य म्हणजे मोजलं आणि निघालं नाही.
नल म्हणजे
विचारायलाच नको होतं.

मग सगळं मोडून पुन्हा मांडलं.
वर आई: होडी. तिच्याकडे
आयडी, नाव, लांबी, मालक.
खाली लेकी: ट्रॉलर, रापणीची, पर्यटकांची.
प्रत्येकीचं आपापलं सामान वेगळं,
आयडी मात्र आईचाच, आकडा न् आकडा.
याला वारसा म्हणतात, मी म्हटलं.
आईला मरावं लागत नाही,
आणि वाटणी होत नाही.

बोस्त्यांव बराच वेळ हसला.
त्यांची वाटणी केपेंच्या कोर्टात आहे सतरा वर्षं.
सात भावंडं, अकरा माड,
आणि एक विहीर, जी कुणाच्याच नकाशात नीट बसत नाही.

त्याची होडी 'मारीस', आयडी चारशे बारा.
जूनमध्ये रापणीची म्हणून लिहिली.
ऑक्टोबरात आला: आता डॉल्फिन दाखवतो,
दुसऱ्या टेबलात घाल.
एका लेकीतली ओळ मी काढली,
दुसरीत घालणार
तेवढ्यात मशीन घरघरलं आणि वीज गेली.

मधल्या त्या क्षणी
चारशे बारा कुठल्याच लेकीत नव्हती.
नुसती होडी. नऊ मीटर.
खिडकीतून दिसत होती,
तिच्यात साचलेलं पाणी कुणीतरी
तेलाच्या कापलेल्या डब्यानं उपसत होतं.

वीज आली. कमिट झालंच नव्हतं,
म्हणून 'मारीस' पुन्हा रापणीची.
"राहू दे मग," तो म्हणाला,
"भाऊ जमले की अजून ओढतोच रापण.
कोर्टात तोंडं फिरवतात,
दोरीला सगळे असतात.
दोन्हीकडे नाही का ठेवता येत?"

नाही. एका होडीला एकच प्रकार.

"हो नेम कोणें केलो?"

मी केला होता. मार्चमध्ये,
पणजीच्या एसीत बसून,
एकही होडी न बघता.

चहा थंड झाला.
बाहेर 'मारीस'च्या नाळेवर
कुणीतरी निळ्या रंगात डॉल्फिन काढत होतं.
खाली अजून जाळं होतं,
ओलं,
आणि त्यात अडकलेला एक खेकडा
कुठल्याच कॉलमात नसलेला.