कच्चा सांधा

चोवीसपट लहान करायचं असतं सगळं.
दार माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं,
आरसा तांदळाच्या कणीएवढा.
खिडकीचं रबर काळ्या दोऱ्यावर भागवलं.

टॅक्सी जुनी, पाठीला कुबड असलेली.
सिनेमात ती अकरा मिनिटं दिसते.
शेवटी बर्फातून पुलाकडे जाते
आणि पडदा काळा होतो.

इंजिन नव्हतंच तिला.
भंगारातून आणलेली, पत्र्याच्या भावात.
मागून तीन माणसं ढकलत होती, वाकून,
कॅमेऱ्याच्या नजरेखाली.
त्यातला मधला लुदोमिर.
तेव्हा तो माझा कोणी नव्हता,
सेटवरचा एक सुतार,
उजव्या हाताचा मोजा हरवलेला.

दिवे माझ्याकडे.
सीटखाली लॉरीची बॅटरी, दोन तारा,
उणे एकोणीस, बोटं लाकडाची.
डावा सांधा कच्चा राहिला.
पुलाच्या अलीकडे तो दिवा एकदा मिचकला,
आणि दुसऱ्या टेकपुरती फिल्म उरली नव्हती.

पुढे मोठमोठ्यांनी लिहिलं :
इथे नियती डोळा मिचकावते.
वर्गात शिकवतात म्हणे अजून.
नियती कसली, माझा डाग नीट बसला नव्हता.
पन्नास वर्षं गप्प राहिले.
निवृत्तीच्या दिवशी केक खातानासुद्धा.

हे वूच शहर.
आमच्या भाषेत वूच म्हणजे होडी,
आणि नद्या साऱ्या रस्त्यांखाली गाडलेल्या.
अशा गावात सिनेमे निघायचेच.

आता हे एलईडी. कसले पांढरे!
दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसल्यासारखं वाटतं.
तेव्हाचा उजेड म्हणजे फिका चहा,
लिंबू पिळलेला.
काचरंग लावला, पुसला, लावला, पुसला,
तिसऱ्या दिवशी चहाचा रंग आला.
छतावरच्या पाटीला ख्रिसमसच्या झाडातला
प्रकाशतंतू, केसाएवढा.
दुसरा मीटरच्या आकड्यांना.
मीटर कुणाला दिसणार? मला.
चार झ्लॉटी वीस. तेव्हाही मीच लावलं होतं.

कायेतान म्हणाला, आजी, मिचकण्याची चिप मिळते.
आणली. बसवली.
दर नऊ सेकंदांनी मिचकायची,
सरकारी कारकुनाच्या शिक्क्यासारखी.
काढून त्याला परत दिली.

मग म्हटलं, सांधाच कच्चा ठेवू.
डाग अर्धवट द्यायचा,
थंड होता होता तार जराशी हलवायची.
सहा वेळा केला.
सहाही पक्के.
जन्मभर घासून घासून हाताला अशी सवय लावली
की आता त्याला चूक जमत नाही.
तेव्हा जमली होती, कारण बावीस वर्षांची होते,
थंडी होती,
आणि मोजा नसलेला हात काखेत धरून
तो सुतार बघत उभा होता.

राहू दे, दोन्ही डोळे सरळ जळू देत.

त्याऐवजी मागच्या बंपरला तीन माणसं लावली,
वाकलेली, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी.
सिनेमात ती कुणी पाहिली नाहीत.
इथेही समोरून बघणाऱ्याला दिसणार नाहीत.
मधल्याचा उजवा हात
कातडीच्या रंगाने रंगवला, बाकी पाच काळे.
टोपी निळी होती की करडी,
ह्यावर एक आख्खी दुपार गेली.
विचारायला आता कोणी नाही. करडी केली.

रात्री खोलीतला दिवा घालवून बटण दाबलं.
मेणकापडावर दोन पिवळे डाग पडले,
साखरेच्या भांड्यापर्यंत पोचले.
छतावरची पाटी लागली. मीटर लागला.
बर्फ म्हणून पसरलेलं मीठ
खरंच थंड दिसायला लागलं.

खालून शेवटची ट्रॅम गेली. टेबल हादरलं.
मी डाव्या दिव्याकडे बघत राहिले.
तो काही मिचकला नाही.

लुदोमिर मात्र पडला, टोपीसकट, मिठात.
चिमट्याने उचलून पुन्हा उभा केला,
ह्या खेपेला गोंद जरा जास्त लावून.