सव्य, अपसव्य

कोठुळे मॅडमनी पहिल्याच तासाला विचारलं,
डावा हात कुठला?
साठ बोटं गेली, साठही उजव्याकडे.
डावं म्हणजे तुमचं डावं नाही, म्हणाल्या,
टेबलावर जे आहेत, त्यांचं.

मग व्याख्या: सरळ उभं, नजर समोर,
पाय जवळ, तळवे पुढे उघडे.
असं कुणी उभं राहतं का?
आडगाव नाक्यावर बसची वाट बघताना मी राहून पाहिलं.
एका मावशीनं तळव्यावर दोन रुपये ठेवले.

घरी पाठांतर. पोटाकडचं अँटिरिअर, पाठीकडचं पोस्टिरिअर,
मधल्या रेघेजवळचं मीडियल, लांबचं लॅटरल.
भाऊ विचारतो, दुतोंड्या मारुतीचं अँटिरिअर कुठलं?
पेपरात आलं तर सोडून देईन.
पण पूर चढतो तो नियमानंच,
गुडघा, कंबर, छाती,
इन्फिरिअरकडून सुपिरिअरकडे.

आप्पा ऐकत असतात, रामकुंडावरून आलेले, धोतर अजून ओलं.
त्यांचा जन्म गेला सव्यापसव्यात.
जानवं नाहीतर उपरणं, या खांद्यावरून त्या खांद्यावर;
समोरचा यजमान आरशासारखा बरोबर उलटं करतो
आणि आप्पा रोज सांगतात,
"तुमचा उजवा हो, माझा नाही."
मी म्हटलं, आप्पा, तुम्ही फर्स्ट इयर पास.

परवा मात्र जेवता जेवता थांबले.
सिन्नरचे कुणी विसपुते आले होते.
आईचं देहदान. अस्थी नाहीत.
खिशात घडी घातलेली फॉर्मची झेरॉक्स.
"पाण्यात काय सोडू, गुरुजी?"
दर्भ मांडले, टोकं दक्षिणेला,
पुढे हातच चालेना.
तुमच्याकडे, आप्पांनी विचारलं,
त्यांचं तोंड कुठे करतात?

वर, मी म्हटलं. सुपाइन. पंख्याकडे.
दक्षिण नसते तिथे.
डोक्याकडे, पायांकडे, असलंच सगळं,
टेबल कसंही फिरवा, दिशा देहाबरोबर फिरतात.
आणि एक आहे, आप्पा,
आडवं असलं तरी उभंच धरायचं.
बोलताना, वहीत लिहिताना, चिरतानासुद्धा
त्या आमच्यासमोर उभ्या आहेत, असं.
डोळे समोर. तळवे उघडे.

आप्पांनी हात धुतला. ताक-भात तसाच.

सकाळी स्नानानंतर कपाटाच्या आरशासमोर उभे दिसले,
पाय जुळवून, हात खाली सोडून,
तळवे पुढे, पण अर्धेच वळलेले.
मी दारातूनच म्हटलं,
अंगठे बाहेर, आप्पा.
अजून थोडे.