सहा गुण

अकरावीच्या वर्गात, तिसऱ्या तासाला,
मी फळ्यावर त्रिकोण काढला.
तळाला अन्न, पाणी, झोप.
त्यावर छप्पर, कुलूप, एक तारखेचा पगार.
त्यावर माणसं. त्यावर मान.
आणि टोकाला, जिथं खडू नेहमी मोडतो,
पुरतं उमलणं.
बावीस वर्षं मी हा त्रिकोण काढते
एका दमात, पट्टी न लावता.

मागच्या बाकावरून सुकांती गावस म्हणाली,
"बाई, हा आमच्या डंपासारखा दिसतो."

वर्ग हसला. मीही हसले.
खिडकीबाहेर डिचोलीची कौलं,
आणि कौलांमागे खरंच तो होता:
खाणीतून उपसलेल्या, कुणालाच नको असलेल्या मातीचा
तांबडा, पायऱ्यापायऱ्यांचा ढीग,
माथ्यावर चार खुरटी झाडं.

"आणि बाई, डंप जेवढा उंच
तेवढा बाजूचा खड्डा खोल असतो.
खड्डा तुम्ही काढलाच नाही."

घंटा झाली. फळा मी तसाच सोडला.

सहामाहीत प्रश्न आला:
गरजांची उतरंड आकृतीसह स्पष्ट करा. गुण सहा.
उतरंड. मडक्यावर मडकं, मोठं खाली.
खालचं काढलं की सगळी कोसळते,
हे मी वर्गात दरवर्षी सांगते.

सुकांतीने आकृती काढली नाही. लिहिलं:
खाण बंद झाली तेव्हा मी पाचवीत.
ट्रक फणसाखाली उभा राहिला.
त्याच्या केबिनमध्ये आता कोंबडी अंडी घालते,
हप्ता मात्र बँक मागते.
बाबा सात महिने ओसरीवर बसून होते.
मग चवथीच्या आधी, घरात तांदूळ मामाचे असताना,
ते कुंभाराकडून बूड नसलेलं मडकं घेऊन आले.
आई तीन दिवस बोलली नाही.

पुढे दोन पानं, बारीक अक्षरात:
बकऱ्याचं कातडं किती वेळ भिजवायचं,
दोरी कुठून ओवायची,
पहिली चार कशी फाटली.
शेवटी एकच ओळ, अधोरेखित:
तळाचं मडकं नसताना माझे बाबा वरचं शिकले.

आदर्श उत्तराशी यातलं काहीच जुळत नव्हतं.
लाल पेन उघडं ठेवून मी उठले,
कुकर लावला,
आणि पहिल्या शिट्टीपासून तिसरीपर्यंत
मला काय व्हायचं होतं ते आठवत राहिले.
अन्न होतं. कुलूप होतं. पगार होता.
हळदीकुंकवाला मान होता.
आठवलं नाही.
चौथी, पाचवी शिट्टी कधी झाली तेही कळलं नाही,
भात तळाला लागला.

रविवारी पिसुर्ल्याच्या बसमध्ये बसले.
घरच्यांना सांगितलं, एका विद्यार्थिनीचं काम आहे.

पुनो गावस ओसरीवर घुमट आवळत होते.
अकरा महिन्यांत दोन विकली गेली, म्हणाले,
एक उधारीवर.
मी शिक्षिकेसारखं विचारलं,
पोटाची चिंता असताना हे सुचलं कसं?
त्यांनी दोरीला गाठ मारली, दाताने ओढली.
"भूक आसा, बाये. पूण हातांक वेगळी भूक."
आतून आईने भांडं आपटलं.
ते हसले नाहीत. मीही नाही.

मग त्यांनी घुमट माझ्या मांडीवर ठेवलं.
उजवा हात कातड्यावर,
डावा तळवा मागच्या उघड्या तोंडावर.
झाकला की आवाज आत कोंडतो,
सोडला की घुमत बाहेर येतो.
"बूड असतं तर पाणी राहिलं असतं," सुकांती म्हणाली,
"नाद नसता राहिला."
तिच्या हातावर पीठ होतं.

पहिली थाप चुकली.
दुसरीही.
तिसरीला तळव्यात कसलीशी गरम हवा लागली,
आणि ट्रकमधली कोंबडी फडफडत खाली उतरली.

बस साडेपाचची होती. ती मी चुकवली.

पेपर अजून माझ्या पिशवीत आहेत.
सुकांतीच्या पेपरावर, समासात,
मी शिसपेन्सिलीने एक खड्डा काढलाय,
सहा गुणांच्या रकान्याशेजारी.
रकाना कोरा आहे.
उद्या निकाल द्यायचाय.