भरपगारी सुटी

नागपूरहून साडेसहा तास,
आणि कमलापूरच्या फाटकाला टांगलेली पाटी:
हत्ती रजेवर आहेत.

आम्हीही रजेवरच.
मागच्या सीटवर नचिकेतनं केळ्यांचा घड
आल्लापल्लीपासून मांडीवर धरलेला.

माहूत आला, गमछाला हात पुसत. लालसू तलांडी.
"थंडीत पाय चोपतो जी त्यायचे.
हिरडा, बेहडा, डिंक, गूळ, रातभर कढवतो.
दहा दिवस फोटो नाही, काम नाही."

आईनं काच खाली केली.
"भरपगारी?"

तो हसला नाही.
"पगार म्हंजे भाताचा गोळा. तो चालूच असते."

एकतीस वर्षं जिनिंगमध्ये
पायांनी सरकी ढकलली तिनं.
तिच्या रजा माझ्या एका हातावर मावतात,
त्यातली एक माझ्या जन्माची.

तारेपलीकडे, सागाच्या वाळक्या पानांत
करडं काहीतरी हललं.
एक पाय. तेवढाच.
काळा लेप अजून ओला,
वर साखळीची जुनी, गुळगुळीत खाच.
पाऊल टेकलं, लगेच उचललं,
आणि तसंच हवेत धरून ठेवलं
चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखं,
कुठं ठेवावं ते न कळून.

"अख्खा हत्ती कुठाय?" नचिकेत.

आईनं चप्पल काढली होती.
टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवत
ती त्या पायाकडे बघत राहिली,
मग तलांडीला म्हणाली,
"लेप उरते का थोडासा?"

तो आत गेला.
केळी घेऊन.